करप्रणालीची रचना : सिद्धांत आणि भारतीय अनुभव

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर आकारता अथवा वसूल करता येत नाही. कर लावण्याचा अधिकार कोणाचा, हे सातवे परिशिष्ट ठरवते; मिळालेल्या महसुलाची वाटणी कशी व्हावी, हे वित्त आयोग सुचवतो. परंतु कोणता कर चांगला आणि कोणता वाईट, या प्रश्नाचे उत्तर घटनेत सापडणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. ते उत्तर शोधण्याचे काम अर्थशास्त्राकडे येते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये समता, निश्चितता, सोय आणि काटकसर ही करआकारणीची चार तत्त्वे मांडली, ती आजही पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानावर असतात. त्यांच्याशी कोणाचे दुमत होणे कठीण. अडचण निराळी आहे. ही तत्त्वे परस्परांशी झगडू लागली की कोणाला किती झुकते माप द्यावे, हे ती स्वतः सांगत नाहीत. विसाव्या शतकातील करसिद्धांताने हे वजन मोजण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात एक प्रश्न पुन:पुन्हा पुढे आला, तो असा, की कर आकारणाऱ्या राज्यसंस्थेला नागरिकाविषयी नेमके काय दिसू शकते?

मिठाचा कर आणि रॅम्से यांचा नियम

प्रत्येक करामुळे दोन प्रकारचा भार पडतो. पहिला भार म्हणजे करदात्याच्या खिशातून सरकारच्या तिजोरीत जाणारी रक्कम. ती समाजातच राहते, केवळ हात बदलते. दुसरा भार अदृश्य असतो. करामुळे किंमत वाढली म्हणून ज्या ग्राहकाने वस्तू घेणेच टाळले, त्याचे समाधान गेले, विक्रेत्याचा नफा गेला आणि सरकारलाही काही मिळाले नाही. यास 'अतिरिक्त भार' म्हणतात. हा अतिरिक्त भार कराच्या दराच्या प्रमाणात नव्हे, तर साधारणपणे दराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दर १० टक्क्यांवरून २० टक्के झाला, तर नुकसान दुप्पट न होता सुमारे चौपट होते. एका वस्तूवर २० टक्के आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या वस्तूवर शून्य, अशी रचना करण्यापेक्षा दोन्हींवर १० टक्के आकारणे हितावह का, याचे कारण येथे आहे. 'पाया रुंद, दर कमी' हे करसुधारणा समित्यांच्या अहवालांतील आवडते सूत्र याच गणितावर उभे आहे.

अतिरिक्त भार मुळीच नसलेला कर एकच : डोईपट्टी. माणूस काहीही करो, कर तितकाच. त्यामुळे वर्तन बदलून तो टाळता येत नाही. पण श्रीमंताला आणि मजुराला सारखीच डोईपट्टी कोणत्याही लोकशाहीला मान्य होणार नाही. तेव्हा डोईपट्टी वर्ज्य मानून केवळ वस्तूंवरील करांतून ठरावीक महसूल उभारायचा असेल, तर दर कसे ठेवावेत? केंब्रिजचे प्राध्यापक पिगू यांनी हा प्रश्न फ्रँक रॅम्से या तरुण गणितज्ञापुढे ठेवला. रॅम्से यांचे उत्तर १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते. त्या निबंधाचा पाठ्यपुस्तकी सारांश असा, की मागणी जितकी अलवचीक तितका कर अधिक ठेवावा. ज्या वस्तूची खरेदी किंमत वाढूनही कमी होत नाही, तिच्यावरील कराने वर्तन बदलत नाही आणि म्हणून अतिरिक्त भारही अल्प राहतो.

भारतीय वाचकाला या नियमाचा अर्थ समजून घेण्यासाठी मिठाइतके चांगले उदाहरण नाही. मिठावाचून कोणाचे चालत नाही, त्याला पर्यायही नाही. रॅम्से यांचा नियम जसाच्या तसा लावला तर मीठ ही करआकारणीसाठी जवळजवळ आदर्श वस्तू ठरते. ब्रिटिश सरकारने हा नियम माहीत नसतानाही नेमके तेच केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळातील १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात या कराचा समाचार घेतला. मिठाचा कर गरिबाच्या ताटातून वसूल होतो, हा त्यांचा नैतिक आक्षेप सर्वपरिचित आहे. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र शुद्ध अर्थशास्त्राचा होता. चढ्या करामुळे मिठाचा वापर खुंटतो, असे ते आकडेवारीनिशी सांगत. पुढे १९०३ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया असा खाली आला, तेव्हा मिठाचा वापर वाढला. म्हणजे अत्यंत गरीब समाजात मिठाची मागणीसुद्धा पूर्णपणे अलवचीक नव्हती. रॅम्से जानेवारी १९३० मध्ये, वयाच्या सव्वीसाव्या वर्षी निवर्तले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत महात्मा गांधी दांडीकडे निघाले. हा निव्वळ योगायोग. पण करसिद्धांताचा विद्यार्थी तो विसरू शकत नाही. मिठाचा कर अखेर १९४७ मध्ये रद्द झाला.

सिद्धांताने ही उणीव नंतर भरून काढली. पीटर डायमंड यांनी १९७५ मध्ये रॅम्से यांचा नियम अनेक उत्पन्नगटांच्या समाजासाठी नव्याने मांडला. एखादी वस्तू गरिबाच्या खर्चात किती ठळक आहे, याचेही वजन दर ठरवताना धरले की मिठावरील आदर्श दर झपाट्याने खाली येतो. कार्यक्षमता एका दिशेला ओढते, न्याय दुसऱ्या दिशेला. आणि अन्नधान्य, मीठ, केरोसीन या वस्तूंच्या बाबतीत ही ओढाताण सर्वांत तीव्र असते.

उत्पन्नावरील कर : न दिसणारी क्षमता

वस्तूंच्या दरांतून न्याय साधण्याऐवजी थेट उत्पन्नावर चढत्या दराने कर का लावू नये? प्रश्न योग्य आहे. अँथनी ॲटकिन्सन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की उत्पन्नावर हवा तसा चढता कर लावता येत असेल, तर काही विशिष्ट गृहीतकांखाली वस्तूंवर वेगवेगळे दर ठेवण्याची गरजच उरत नाही. पुनर्वाटपाचे काम आयकराने करावे, वस्तूंवरील दर सर्वत्र सारखा असावा.

पण आयकरालाही मर्यादा आहे आणि ती जेम्स मिर्लीस यांनी १९७१ च्या निबंधात उलगडली. मिर्लीस १९६२-६३ मध्ये एका संशोधन प्रकल्पानिमित्त नवी दिल्लीत होते. विल्यम विक्री यांच्यासह त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे : राज्यसंस्थेला कर लावायचा असतो तो माणसाच्या कमावण्याच्या क्षमतेवर. दिसते मात्र फक्त त्याचे उत्पन्न. अधिक क्षमतेच्या माणसाने कर चुकवण्यासाठी कमी काम केले, तर तो कमी क्षमतेच्या माणसासारखाच दिसू लागतो. म्हणून दरांची उतरंड अशी हवी, की पुनर्वाटपही साधावे आणि काम करण्याची प्रेरणाही मरू नये. या आकडेमोडीतून चढे सीमांत दर योग्य ठरतील, अशी मिर्लीस यांची स्वतःची अपेक्षा होती. प्रत्यक्षात निघालेले दर अपेक्षेहून मवाळ होते.

तेव्हा भारतातील चित्र नेमके उलटे होते. अधिभार धरून वैयक्तिक आयकराचा सर्वोच्च सीमांत दर १९७३-७४ मध्ये ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला होता. वरच्या टप्प्यातील शंभर रुपयांच्या मिळकतीमागे हाती सव्वादोन रुपये उरत. असा दर कर गोळा करत नाही. तो काळा पैसा निर्माण करतो, असे प्रत्यक्ष कर चौकशीसाठी नेमलेल्या वांछू समितीने १९७१ च्या अहवालात बजावले होते आणि सर्वोच्च दर ७५ टक्क्यांपर्यंत आणण्याची शिफारस केली होती. पुढे १९८५ मध्ये तो ५० टक्के आणि १९९७ च्या अंदाजपत्रकात ३० टक्के झाला. सिद्धांत मात्र नेहमी कमी दरांच्याच बाजूने बोलतो, असा समज परीक्षार्थींनी करून घेऊ नये. डायमंड आणि इमॅन्युएल साएझ यांनी २०११ मध्ये अमेरिकेसाठी केलेल्या गणितात, सर्व कर धरून, सर्वोच्च उत्पन्नावरील इष्टतम सीमांत दर ७३ टक्के इतका निघाला. श्रीमंतांचे उत्पन्न दराला किती प्रतिसाद देते आणि करकायद्यात पळवाटा किती आहेत, यावर उत्तर अवलंबून असते. पळवाटा बुजवल्याशिवाय चढा दर लावणे निष्फळ ठरते, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

काल्डॉर यांचा प्रयोग

सिद्धांत थेट भारतीय कायद्यात उतरवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न याच्याही आधी झाला होता. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी भारत सरकारच्या निमंत्रणावरून १९५६ मध्ये करसुधारणेचा अहवाल दिला. माणसाने समाजाच्या साठ्यात काय घातले, म्हणजे त्याचे उत्पन्न, यावर कर लावण्यापेक्षा त्याने त्यातून काय काढून घेतले, म्हणजे त्याचा खर्च, यावर कर लावावा, ही त्यांची भूमिका. बचतीला उत्तेजन, उधळपट्टीला शिक्षा. भांडवलाची चणचण असलेल्या देशाला याहून सोयीचा कर कोणता? आयकर, भांडवली नफ्यावरील कर, संपत्ती कर, देणगी कर आणि व्यय कर असे पाच कर एकमेकांची पडताळणी करतील, एकात लपवलेले दुसऱ्यात सापडेल, अशी योजना होती. तिची दुसरी बाजूही होती : या जाळ्याच्या बदल्यात आयकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा.

तत्कालीन अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी १९५७ मध्ये संपत्ती कर आणि व्यय कर आणले. देणगी कर १९५८ मध्ये आला. आयकराचे दर मात्र काल्डॉर यांनी सुचवलेल्या पातळीपर्यंत उतरले नाहीत. औषधाच्या पुडीतील निम्मी औषधे घ्यावीत आणि पथ्य सोडून द्यावे, तशातला हा प्रकार. त्याहून मोठी अडचण दिसण्याची होती. बहुतेक व्यवहार रोखीत, कुटुंब एकत्र, घरखर्च आणि पेढीचा खर्च एकाच वहीत. अशा देशात एखाद्याने वर्षभरात किती खर्च केला, हे अधिकाऱ्याने पाहावे तरी कसे? व्यय करातून अत्यल्प महसूल आला. तो १९६२ मध्ये रद्द झाला, १९६४ मध्ये पुन्हा आला आणि १९६६ मध्ये कायमचा गेला. देणगी कर १९९८ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ च्या अंदाजपत्रकाने संपुष्टात आला. व्यय कराची कल्पना तर्कदृष्ट्या निर्दोष होती, असे आजही अनेक अर्थशास्त्रज्ञ मानतात. जे दिसत नाही त्यावर कर बसवता येत नाही, हा साधा प्रशासकीय मुद्दा त्या तर्कात धरलेला नव्हता.

कच्च्या मालावर कर नको

करसिद्धांताचा सर्वांत ठाम आणि भारतासाठी सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष डायमंड आणि मिर्लीस यांनी १९७१ मध्येच मांडला. त्यास 'उत्पादन कार्यक्षमतेचा सिद्धांत' म्हणतात. महसूल उभारण्यासाठी ग्राहकाला मिळणाऱ्या अंतिम वस्तूंवर हवा तो कर लावा; पण एका उत्पादकाने दुसऱ्या उत्पादकाकडून घेतलेल्या कच्च्या मालावर, यंत्रावर, सुट्या भागांवर कर लावू नका. काही अटींखाली हा निष्कर्ष सिद्ध होतो. त्यामागील कारण एका सदऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, प्रत्येक विक्रीवर १० टक्के कर आहे आणि आधीच्या कराची वजावट मिळत नाही. सूतगिरणी १०० रुपयांचे सूत विकते; कर १० रुपये. हातमागधारक ११० रुपयांना ते घेऊन ४० रुपयांची भर घालतो. १५० वर १५ रुपये कर, किंमत १६५. शिवणकाम करणारा ३५ रुपयांची भर घालतो. २०० वर २० रुपये कर, किंमत २२०. दुकानदाराची भर ३० रुपये. २५० वर २५ रुपये कर. ग्राहकाच्या हाती सदरा येतो २७५ रुपयांना. चौघांनी मिळून घातलेले मूल्य २०५ रुपये, एकूण कर ७० रुपये. कायद्यात दर १० टक्के लिहिलेला आहे. प्रत्यक्ष करभार ३४ टक्के आहे.

आता सूत, विणकाम आणि शिवणकाम एकाच छताखाली करणारी मोठी गिरणी घेऊ. तिच्या मधल्या टप्प्यांवर विक्रीच होत नाही. १७५ रुपयांवर एकदाच साडेसतरा रुपये कर; दुकानदाराच्या टप्प्यावर आणखी सव्वाबावीस रुपये. सदरा २४४ रुपये ७५ पैशांना. गिरणीचे तंत्र सरस नाही, कामगार अधिक कुशल नाहीत, तरीही ती हातमागधारकाच्या मालाहून ३० रुपये २५ पैशांनी स्वस्त विकू शकते. हा फरक केवळ कराने घडवलेला आहे. एकीकडे अनुदाने आणि राखीव वाणांची यादी देऊन लहान उद्योगाला जगवायचे आणि दुसरीकडे करावर कर चढवून त्यालाच मारायचे, हा विरोधाभास भारतीय करव्यवस्थेत अनेक दशके नांदला. एहतिशाम अहमद आणि निकोलस स्टर्न यांनी १९८० च्या दशकात भारतीय अप्रत्यक्ष करांवर केलेल्या अभ्यासाने कागदावरील कर आणि कच्च्या मालातून झिरपत आलेला कर मिळून होणारा खरा भार यांत किती अंतर आहे, हे उघड केले. ज्या वस्तूंना करमुक्त ठेवल्याचे सरकार समजत होते, त्यांपैकी काहींवर प्रत्यक्षात कर बसतच होता.

मूल्यवर्धित करात प्रत्येक टप्प्यावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळते. १० टक्के दराने वरील सदऱ्यावर एकूण साडेवीस रुपये कर बसेल, मग तो हातमागधारकाकडून येवो वा गिरणीकडून. दिसण्याच्या दृष्टीनेही या कराचा मोठा गुण आहे. वजावट हवी असेल तर खरेदीदाराला पक्के बिल मागावे लागते आणि त्या बिलामुळे विक्रेत्याची उलाढाल नोंदली जाते. दोघांचे हितसंबंध विरुद्ध असल्याने एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर पहारा ठेवते. काल्डॉर यांना पाच करांच्या जाळ्यातून जी परस्पर पडताळणी हवी होती, ती येथे एकाच करात मिळते. साखळीच्या शेवटी मात्र पहारा ढिला पडतो, कारण घरगुती ग्राहकाला वजावट नको असते आणि बिलाविना दोन पैसे सुटले तर त्याला तेच हवे असते.

तीस वर्षांचा प्रवास

सिद्धांत १९७१ चा. भारतात त्याची पूर्तता २०१७ पर्यंत लांबली. अप्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या एल. के. झा समितीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादनाच्या टप्प्यापुरता मूल्यवर्धित कर सुचवला. त्यानुसार १ मार्च १९८६ पासून काही निवडक वस्तूंसाठी 'मॉडव्हॅट' आला. २००० मध्ये त्याचा 'सेनव्हॅट' झाला. सेवा कर १९९४ मध्ये दूरध्वनी, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीन सेवांपासून सुरू झाला. परंतु केंद्राचा उत्पादन शुल्काचा अधिकार कारखान्याच्या दारापाशी संपत होता आणि राज्यांचा विक्रीकराचा अधिकार तेथून पुढे सुरू होत होता. या दोन्ही साखळ्या घटनेनेच तोडलेल्या होत्या. अमरेश बागची यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेने १९९४ मध्ये राज्यांतील करांच्या सुधारणेचा आराखडा दिला. अधिकारप्राप्त समितीच्या दीर्घ चर्चेनंतर १ एप्रिल २००५ पासून बहुसंख्य राज्यांनी विक्रीकराऐवजी मूल्यवर्धित कर स्वीकारला. हरियाणाने तो २००३ मध्येच आणला होता. आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर ४ टक्क्यांवरून २००७ मध्ये ३ आणि २००८ मध्ये २ टक्क्यांवर आला. मात्र त्याची वजावट मिळत नसे. मुंबई महापालिकेच्या नाक्यांवर ३० जून २०१७ पर्यंत जकात वसूल होत होती आणि ट्रकांच्या रांगा लागत होत्या. जकात म्हणजे कच्च्या मालावरील कराचे सर्वांत जुने आणि सर्वांत उघडे रूप.

एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने २०१६ मध्ये अनुच्छेद २४६अ आणि २७९अ समाविष्ट झाले आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाला. या परिषदेत एकूण मतांपैकी केंद्राचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश आणि निर्णयासाठी तीनचतुर्थांश बहुमत आवश्यक आहे. राज्यांनी आपला सर्वांत मोठा कर समाईक खात्यात टाकला. बदल्यात २०१५-१६ हे आधारवर्ष धरून दरवर्षी १४ टक्के महसूलवाढीची हमी त्यांना जून २०२२ पर्यंत मिळाली. करसिद्धांताच्या पुस्तकात या हमीला स्थान नाही. तिच्याविना हा कर आला असता, असे मात्र म्हणता येणार नाही. परिषदेच्या शिफारशी संसद व विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स प्रकरणी मे २०२२ मध्ये दिला आहे.

नव्या कराचे दर पाहून अनेकांना तो महाग वाटला. येथे जुन्या पद्धतीचा एक राजकीय गुण लक्षात घ्यावा लागतो. साडेबारा टक्के उत्पादन शुल्क छापील किमतीत दडलेले असे आणि त्या शुल्कासह होणाऱ्या किमतीवर आणखी साडेबारा टक्के मूल्यवर्धित कर बसे. एकूण भार साडेसव्वीस टक्क्यांच्या घरात जाई. ग्राहकाला बिलावर दिसत साडेबारा. लपलेला कर मतदाराला बोचत नाही, म्हणूनच करावर करांची चळत शासनकर्त्यांना प्रिय असते. वस्तू आणि सेवा कराने तो भार बिलावर आणला. नागरिकाला आपण किती कर देतो हे कळणे ही लोकशाहीतील क्षुल्लक बाब नाही.

दर किती असावेत?

रचनेबाबत सिद्धांत जितका ठाम आहे, तितका तो दरांच्या संख्येबाबत नाही. ॲटकिन्सन आणि स्टिग्लिट्झ यांचा समान दराचा निष्कर्ष आयकराच्या व्याप्तीवर उभा आहे. भारतात २०२३-२४ या करनिर्धारण वर्षासाठी डिसेंबर २०२३ अखेर ८.१८ कोटी विवरणपत्रे दाखल झाली होती, तीही सर्व प्रत्यक्ष कर भरणाऱ्यांची नव्हेत. १४० कोटींच्या देशात पुनर्वाटपाचे सारे ओझे आयकरावर टाकणे शक्य नाही. शिवाय शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार केंद्राकडे नाही. त्यामुळे धान्य-दुधाला सवलत आणि चैनीला चढा दर, हा भेद भारतासाठी समर्थनीय ठरतो. मात्र त्याची धार बोथट असते. खाद्यपदार्थांवरील सवलतीचा रुपयांत मोजलेला लाभ अधिक खर्च करणाऱ्या सधन कुटुंबाला अधिक मिळतो. गरीब कुटुंब राज्यसंस्थेला शिधापत्रिकेतून वा बँक खात्यातून जितके स्पष्ट दिसू लागते, तितके त्याला थेट साह्य देऊन वस्तूंवरील दर एकसारखे करणे सोपे होते. या नोंदींतून जे वगळले गेले आहेत त्यांच्यासाठी मात्र स्वस्त धान्य हाच आधार राहतो आणि त्यांची संख्या नगण्य मानणे धाडसाचे होईल.

मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांच्या समितीने डिसेंबर २०१५ मध्ये १७ ते १८ टक्क्यांचा प्रमाण दर, एक निम्न दर आणि अपायकारक वस्तूंसाठी ४० टक्के दर सुचवला होता. प्रत्यक्षात ५, १२, १८ आणि २८ असे टप्पे, त्यावर भरपाई उपकर, सोन्यासाठी वेगळा दर, अशी गुंतागुंत स्वीकारली गेली. टप्पे वाढले की वर्गीकरणाचे वाद वाढतात. पराठा ही पोळी की आणखी काही, यावर वकिलांनी युक्तिवाद करावेत, हे कोणत्याही सिद्धांताला अपेक्षित नव्हते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ या दोन दरांत आल्या आणि निवडक वस्तूंसाठी ४० टक्के दर ठरला. त्याच वेळी मानवनिर्मित तंतूवरील दर १८ आणि सुतावरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तयार कापडावर ५ टक्के आणि त्याच्या कच्च्या मालावर त्याहून अधिक, ही उलटी उतरंड वस्त्रोद्योगाचे खेळते भांडवल परताव्यात अडकवून ठेवत होती.

परीक्षेच्या दृष्टीने एक भेद नीट समजून घ्यावा. 'करमाफी' आणि 'शून्य दर' या भिन्न गोष्टी आहेत. निर्यातीवर शून्य दर असतो. म्हणजे कर नाही आणि आधी भरलेला करही परत मिळतो. करमाफ वस्तूच्या उत्पादकाला मात्र वजावट मिळत नाही. त्याने यंत्रांवर, वेष्टनांवर भरलेला कर किमतीत मुरतो. माफी देऊन वस्तू पूर्ण करमुक्त झाली, असे मानणे म्हणूनच चूक आहे.

पडताळणीचा गुणही आपोआप येत नाही. वजावट हा जणू सरकारवर काढलेला धनादेश असल्याने, मालाविना केवळ खोटी बिले विकणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या. त्यावर उपाय म्हणून मोठ्या व्यापाऱ्यांना प्रत्येक बिल आधी शासकीय संकेतस्थळावर नोंदवण्याची सक्ती झाली. ५०० कोटींहून अधिक उलाढालीसाठी ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेली ही अट ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. यातून दृश्यता वाढते, तसा लहान व्यावसायिकाचा अनुपालनाचा खर्चही वाढतो. त्याच्यासाठी असलेल्या आपसमेळ योजनेत ठोक दराने कर भरता येतो; पण त्याच्याकडून माल घेणाऱ्याला वजावट मिळत नाही, म्हणून मोठे खरेदीदार त्याला टाळतात. सदऱ्याच्या उदाहरणातील हातमागधारकाची जुनी अडचण येथे निराळ्या दाराने परत आली आहे.

अपुरी साखळी

उत्पादन कार्यक्षमतेच्या कसोटीवर सर्वांत मोठी उणीव इंधनाची आहे. कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन यांवर वस्तू आणि सेवा कर लागू झालेला नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्यांचा मूल्यवर्धित कर त्यांवर कायम आहे. विजेवरील शुल्कही साखळीबाहेर आहे. शहरातील मोटारीत पेट्रोल भरणारा अंतिम ग्राहक आहे. त्याच्यावरील चढा कर प्रदूषणाच्या किमतीच्या नावे समर्थनीय ठरतो. नाशिकहून द्राक्षे वा भिवंडीहून कापड नेणाऱ्या ट्रकचे डिझेल मात्र कच्चा माल आहे. त्यावरील कराची वजावट कोणालाही मिळत नाही. तो भाड्यात मुरतो, भाडे मालाच्या किमतीत मुरते आणि त्या किमतीवर पुन्हा कर बसतो. एका लिटरवर दोन निरनिराळ्या कारणांसाठी बसणारा कर वेगळा करता येतो : प्रदूषणासाठी वजावट नसलेला एक ठरावीक भाग आणि उर्वरित भाग वजावटीच्या साखळीत. राज्यांचा विरोध मात्र तर्काला नाही, महसुलाला आहे. मद्य आणि इंधन हे त्यांच्या हाती उरलेले मोठे कर आहेत, ज्यांचा दर आपत्तीच्या वा निवडणुकीच्या वर्षी परिषदेला न विचारता बदलता येतो. भरपाईची हमी संपल्यानंतर ही भीती वाढली आहे.

मद्य घटनेनेच या कराबाहेर ठेवले आहे. पेट्रोलियम पदार्थांचे तसे नाही. त्यांवर हा कर कोणत्या तारखेपासून लावावा, याची शिफारस परिषदेने करावी, असे अनुच्छेद २७९अ च्या पाचव्या खंडात नमूद आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौ येथे झालेल्या पंचेचाळिसाव्या बैठकीत हा विषय चर्चेला आला, तेव्हा ती वेळ अद्याप आलेली नाही, असे परिषदेने ठरवले.